यंत्राला स्मरणचित्र जमेल का?

प्रश्न : सर, माझा मुलगा नववीत आहे, यंदा चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसणार आहे. परवा त्याने मोबाइलवर ‘पावसातलं बसस्टँड’ एवढंच लिहिलं आणि मिनिटभरात चित्र तयार! ह्यांनी ते छापून, फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. आता पोरगा म्हणतो, रोज स्केचिंग कशाला करू? फोटो सोबत पाठवते. याला कला म्हणायचं का? मशीनला खरंच काही सुचतं का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, फोटो पाहिला. ओल्या डांबरावर दिव्यांचा उजेड असा उतरलाय, की एकतीस वर्षं शिकवूनही मला तो पोरांकडून काढून घेता आला नसता. तेव्हा यंत्राला काही येत नाही, अशी तुमची समजूत घालणार नाही. फलाटावरची पाटी मात्र वाचून बघा. काना, मात्रा, वेलांटी सगळं आहे, शब्द एकही नाही.

एक कबुली देतो. स्मरणचित्राचे, म्हणजे पाहिलेलं आठवून काढायच्या चित्राचे, पेपर मी पुष्कळ तपासले. ‘नळावरची गर्दी’ विषय आला की गठ्ठेच्या गठ्ठे एकसारखे: डावीकडे झाड, मागे कौलारू घर, पुढे तीन बायका, एकीच्या कमरेवर कळशी. त्या बायका मुलांनी कुठे पाहिलेल्याच नसायच्या. आम्हीच फळ्यावर काढून पाठ करून घेतलेल्या! आणि त्याला आम्ही ‘ए’ देत होतो. यंत्रानेही ढिगाने चित्रं पाहून त्यांतली वळणंच उचलली आहेत. आमच्या मापाने तेही ‘ए’मध्ये पास.

एकदा एका मुलीने नळ पार कोपऱ्यात सारला होता. कागदभर नुसती भांडी, रांगेत लावलेली. हंडे, प्लॅस्टिकच्या घागरी, मधेच एक चेपलेला तेलाचा डबा. माणूस एकही नाही, आभाळ काळं. पाणी रात्री येतं आणि बायका नंबर लावून घरी जातात, हे त्या पोरीला ठाऊक होतं. प्रमाण चुकलेलं, रंग फुटलेले. सहपरीक्षकाशी भांडून मी तिला ‘बी’ दिला. तो डबा अजून डोळ्यांसमोर आहे.

तुम्ही सुचण्याबद्दल विचारलंत. हॅरॉल्ड कोहेन हा नाव झालेला ब्रिटिश चित्रकार. १९६६ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, ब्रिटनतर्फे त्याची चित्रं होती. पुढे कॅलिफोर्नियात त्याने ‘आरॉन’ नावाचा चित्रं काढणारा प्रोग्राम लिहायला घेतला आणि २०१६ मध्ये मरेपर्यंत सोडला नाही. आरॉनला चित्रांचा ढीग दाखवलेला नव्हता. फांदी कशी फुटते, हात कुठे दुमडतो, असे नियम कोहेनने एकेक करून घातले. कितीतरी वर्षं रेषा आरॉनच्या आणि रंग कोहेनचे, असा संसार चालला. प्रत्येक रेखाटन नवं निघे. मला ती कला वाटते, पण दोघांची मिळून.

आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या जत्रेतल्या स्पर्धेत जेसन अॅलन यांचं मिडजर्नी या लिहिलेल्या सूचनेवरून चित्र करणाऱ्या यंत्रावर केलेलं चित्र डिजिटल विभागात पहिलं आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी निदान ६२४ वेळा सूचना बदलून पाहिल्या होत्या. तरी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली. मालकीचं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ६२४ वेळा ‘हे नको’ म्हणणाऱ्या माणसाला मी आळशी म्हणणार नाही. तुमच्या चिरंजीवांनी किती वेळा लिहिलं? एकदाच ना?

त्याला पावसात अर्धा तास तुमच्या स्टँडवर बसवा. मोबाइल घरी, हातात पेन्सिल. आल्यावर जे दिसलं ते त्या यंत्राला सांगू दे आणि तेच स्वतःही काढू दे. दोन्ही चित्रं मला पाठवा. हॉलमधली फ्रेम राहू द्या, उगीच घरात वाद नकोत. फक्त त्या स्टँडचं नाव काय, हे पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर ह्यांना द्यायला सांगा.