टूलचं वर्णन वाचून मार्क देऊ नकोस

सोलापूर, रविवार

अनेक आशीर्वाद.

टॉवेलच्या कारखान्यासाठी तू बांधत असलेल्या एआय एजंटची फाईल काल रात्री निवांत वाचली. टूलांची, म्हणजे एजंट कामासाठी बोलावतो त्या फंक्शनांची, वर्णनं नेटकी आहेत आणि प्रत्येकापुढे दहापैकी नऊ, साडेनऊ मार्क. हे मार्क दुसऱ्या एका मॉडेलकडून घेतले, असं खाली तूच लिहिलंयस. ते बाजूला ठेव. वाचायला छान वाटणारं वर्णन एजंटच्या कामाला येतं की नाही, हे चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एजंटला तुझा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (कोणती माहिती कशी भरायची त्याचा आराखडा), एवढ्यावर तो कोणतं टूल बोलवायचं ते ठरवतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने असं टूल मागण्याची सोय, आणलं तेव्हा हेच होतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी, म्हणजे एजंटला बाहेरची टूलं जोडायची सामायिक पद्धत, खुलं केल्यावरही तेच राहिलं.

आता तुझं ‘गेट_स्टॉक’ घे. ‘मालाचा उपलब्ध साठा परत करतो.’ वाक्यात खोट काही नाही. पण साठा कशात? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऑफिसातला माणूस डझनात बोलतो, गोडाऊनवाला गाठी मोजतो आणि तुझा डेटाबेस नग साठवतो. व्यापाऱ्याने विचारलं, ‘पन्नास डझन मिळतील का?’ टूलने ६०० हा आकडा दिला. एजंट खुशाल म्हणाला, ‘सहाशे डझन तयार आहेत.’ होते जेमतेम पन्नास. एरर कुठेच नाही, लॉग स्वच्छ, आणि बारा पट मालाचा शब्द देऊन मोकळे!

तिथे मी असं लिहीन: ‘तयार मालाचा साठा देतो, आकडा नगांत. लूमवर चालू असलेला माल यात धरलेला नाही. त्यासाठी प्रॉडक्शन_स्टेटस वापरा. डिझाइन नंबर माहीत नसेल तर आधी सर्च_डिझाइन.’ अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनातही प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं द्या असं म्हटलंय, ते उगाच नाही. त्याहून बरं म्हणजे उत्तरातल्या फील्डचंच नाव ‘साठा_नग’ ठेव, शेजारी ‘साठा_डझन’ दे. भागाकार मॉडेलवर कशाला सोडायचा?

वर्णन एकटं कधीच चांगलं-वाईट नसतं. तुझ्या ‘सर्च_ऑर्डर’ला तू भारदस्त भाषा दिलीस की तो ‘गेट_ऑर्डर’चं कामही ओढून घेतो. म्हणून एका टूलमध्ये शब्द बदलला तरी सगळ्या टूलांचे चाचणीचे प्रश्न एजंटवर पुन्हा चालव. आणि ‘हे कधी वापरू नये’ सांगायला पाच-सहा वाक्यं लागत असतील, तर दुखणं वर्णनात नाही. ती दोन टूलं एक कर.

प्रश्न मात्र स्वतः बसून रचू नकोस. कारखान्याच्या व्हॉट्सअॅपवर येतात ते घे, नावं-नंबर काढून. ‘अण्णा, परवाचा निळा तीस-साठ निघाला का?’ यात तीस-साठ ही टॉवेलची साइज, पण निघाला म्हणजे लूमवरून की ट्रकमधून? इथे उलट विचारणारा एजंट शहाणा. आपल्याकडे एकाच मेसेजात मराठी, तेलुगू, कन्नड सुखाने नांदतात, तेही तसंच राहू दे. काही प्रश्न असे घाल की एकही टूल लागू नये: ‘गड्ड्याला कारखाना बंद असतो का?’ गड्डा म्हणजे आपली जत्रा, यावर एजंटने स्टॉक तपासला, तर वर्णन फारच ढिलं आहे.

निकाल एका टक्केवारीत कोंबू नकोस. चुकीचं टूल उचललं, टूल बरोबर पण माहिती चुकीची भरली, गरज नसताना बोलावलं, गरज असून बोलावलं नाही, हे वेगळं मोज. दुसऱ्या प्रकारात दोष बहुधा स्कीमात सापडतो: तारीख कुठल्या स्वरूपात, साइजचे पर्याय कोणते, हे तिथे लिहिलेलंच नसतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तर बदलू शकतं, म्हणून प्रत्येक प्रश्न अनेकदा चालव. आणि थोडे प्रश्न कुलपात ठेव, शब्द सुधारताना ते बघायचेच नाहीत. नाहीतर वर्णन त्या प्रश्नांपुरतंच घोटून बसतं.

लांबीचं म्हणशील तर प्रत्येक वर्णन सहसा दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) खातं. एखादं वाक्य काढून बघ, चाचणीचे आकडे हलले नाहीत तर ते वाक्य गेलं.

शेवटी त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या एमसीपी सर्व्हरबद्दल. बाहेरच्याचं वर्णन म्हणजे तुझ्या एजंटच्या कानात बोलणारा परका माणूस. वर्णनात लपवलेल्या सूचना एजंट निमूट पाळतो, हे इन्व्हेरियंट लॅब्सने एप्रिल २०२५ मध्ये करून दाखवलं. त्यालाच टूल पॉइझनिंग म्हणतात. आज मंजूर केलेलं वर्णन उद्या गुपचूप बदलताही येतं. म्हणून मंजूर केलेली प्रत जपून ठेव, जोडणी होताना दर वेळी ताडून बघ, आणि अक्षर जरी बदललं तरी माणसाने वाचेपर्यंत ते टूल बंद.

कळावे,
काका