शाळूची ओल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न (ता. जत) : आमची चार एकर भारी काळी जमीन आहे. खरिपात पड ठेवून शाळू (रब्बी ज्वारी) करतो. हस्त बरा पडला तरी शाळू पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी ताट फुगते तेव्हा) येईस्तोवर रान भेगाळते. एवढी ओल जाते कुठे?

उत्तर : बरेचसे पाणी तुमच्या रानात मुरतच नाही. एका एकरावर 25 मि.मी. पाऊस पडला की साधारण एक लाख लिटर पाणी होते. आपल्याकडे हा पाऊस तासाभरात कोसळतो. काळ्या रानाचा वरचा थर लगेच चोपून बसतो आणि पुढचे पाणी माती घेऊन ओढ्याला लागते. शाळू सप्टेंबरात पेरायचा असला तरी त्याचे पाणी जुलै-ऑगस्टमध्येच धरावे लागते. पड रान मोकळे सोडले तर ते धरले जात नाही.

वळवाच्या पावसानंतर उताराला आडवी कुळवाची पाळी द्या. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घात (मशागतीजोगी ओल) आली की सारा यंत्राने, ते नसेल तर बळीराम नांगराने, 12 फुटांवर उताराला आडवे वरंबे पाडा. मग तेवढ्याच अंतरावर उताराच्या दिशेने वरंबे टाका. 12 बाय 12 फुटांचे वाफे तयार होतात. वरंबा वीतभर उंच असावा, दोन पावसांत तो निम्मा बसतोच. रानाचा उतार शंभर फुटांना दोन फुटांच्या पुढे असेल तर वाफे 8 ते 10 फुटांचे करा. नाही तर पाणी खालच्या वरंब्याला टेकून राहते आणि वाफ्याची वरची बाजू कोरडी राहते.

वाफे फुटतात ते बहुतेक कोपऱ्यात. दोन वरंबे एकमेकांना जिथे मिळतात तिथे नांगर उचललेला असतो, त्यामुळे माती कमी पडते. सगळे कोपरे फावड्याने जुळवून घ्या. एक तोंड उघडे राहिले तर वरच्या वाफ्यांचे पाणी तिथूनच धावते आणि तिथे घळ पडते. दुसरी चूक तणाची. श्रावणात वाफ्यांत हरळी, लव्हाळा, गाजर गवत माजते आणि धरलेले पाणी तेच पिऊन टाकते. ऑगस्टच्या उघडिपीत वाफे मोडून एक पाळी द्यावी आणि पुन्हा वाफे पाडावेत. दुहेरी खर्च वाटतो, पण हिरव्यागार पडीत ओल साठत नाही.

पेरणीची वेळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. उत्तरा नक्षत्रात पाऊस होऊन घात आली असेल तर हस्ताची वाट बघू नका. 15 सप्टेंबरच्या आधी पेरलेल्या शाळूवर खोडमाशी येते आणि पोंगे (मधली कोवळी पाने) मरतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वरचा थर वाळतो आणि उगवण विरळ होते. घात ओळखायला दोन इंच खालची मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला, तळहाताला चिखल लागला नाही आणि छातीच्या उंचीवरून टाकल्यावर गोळा फुटला, तर पाभर (पेरणीचे औत) धरा. वाफे मोडणे आणि पेरणे एकाच दिवशी उरका. सकाळी मोडून दुसऱ्या दिवसावर पेरणी टाकली तर वरच्या दोन इंचांची ओल उन्हाने गेलीच. बी 5 सें.मी. खोल पडावे. पेरणीनंतर पुन्हा वाफे पाडले तर हस्ताचे पाणीही जागेवर थांबते.

वाण म्हणाल तर खोल काळ्या जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा घ्यावी. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा नेहमीची मालदांडी चालते.

प्रश्न (ता. आटपाडी) : बैल विकले. शाळूत तणनाशक मारले तर कोळपण्या (ओळींमधली माती औताने हलवणे) सोडल्या तरी चालतील ना?

उत्तर : नाही. तणनाशक तण मारते, भेग बुजवत नाही. शाळूतल्या कोळपणीचे निम्मे काम तणाचे आणि निम्मे भेगांचे. डिसेंबरात काळ्या रानातल्या भेगेत ज्वारीचे धसकट घालून बघा, हातभर सहज आत जाते. त्या भेगेच्या दोन्ही भिंतींमधून खालच्या थरातली ओल वाऱ्याला लागते, वरून रान कोरडे दिसत असले तरी. वरचा दीड-दोन इंच थर भुसभुशीत केला की ओल वर चढायची वाट तुटते आणि भेगाही मातीने भरतात. दोन कोळपण्या म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणत ते हेच.

पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने करा. रोपे लहान असतात, ओळ फटीतून निघते आणि बुडाशी माती पडून रोप दबत नाही. दुसरी पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या कोळप्याने. तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. ही तिसरी बहुतेक जण सोडतात, कारण तेव्हा रानात तण नसते. पण भेगा तेव्हाच रुंदावू लागतात, म्हणून तिन्हींत हीच राखावी. त्या वेळी पास खोल घालू नका, दोन इंचांच्या खाली शाळूच्या मुळ्या तुटतात.

बैल नसले तर सायकल कोळपे घ्या. एका माणसाने ते ढकलता येते, मात्र ओळी सरळ आणि 18 इंचांवर हव्यात. पेरणी वाकडी झालेली असेल तर कोळपे रोपेच कापते. कोळपणीनंतर ओळींमध्ये तूरकाट्या, गव्हाचे भुसकाट, वाळले गवत असे काहीही पसरता आले तर उत्तम. पेरणीपासून पाच आठवड्यांच्या आत एकरी दोन टन आच्छादन पडले तर फरक दिसतो. एवढा काडीकचरा जनावरांच्या तोंडातून वाचत नाही हे मान्य. मग निदान मुरमाड आणि चढाच्या पट्ट्यावर तरी टाका. बांधावर गिरिपुष्प लावले असेल तर त्याचा पाला जनावरे फारशी खात नाहीत, तोच आच्छादनाला वापरा.

प्रश्न (ता. कवठेमहांकाळ) : पाखरे आणि मुंग्या खातात म्हणून आम्ही शाळूचे एकरी सहा-सात किलो बी टाकतो. उगवण दाट येते, पण दाणा भरताना ताटे आडवी होतात. ताट चिरले की आतून काळे दिसते. हा कोणता रोग?

उत्तर : खडखड्या. बुरशी जमिनीत आधीपासूनच असते, ओल संपून ताट अशक्त झाले की ती आत शिरते. खालच्या दोन-तीन पेरांतला गर विरतो, धाग्यांवर मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतात आणि वारा आला की ताट तिथेच मोडते. आता फवारणीचा उपयोग नाही. कणसाच्या बुडाचे दाणे टणक झाले असतील तर काढणी लवकर उरका, कडब्याची किंमत तरी पडेल.

मूळ कारण तुमचे सहा-सात किलो बी. 45 बाय 15 सें.मी. अंतराला एकरी साधारण 60 हजार ताटे बसतात आणि त्याला चार किलो बी पुरते. जमिनीत धरलेले पाणी ठरावीकच. ताटे दुप्पट झाली की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे येते आणि सगळीच एकदम, तीही दाणा भरताना, तहानेने अशक्त होतात. दाट पेरलेच असेल तर उगवणीनंतर 10 ते 12 दिवसांत विरळणी करा. पोटरीपर्यंत थांबलात तर उपटलेल्या ताटाने आपल्या वाट्याचे पाणी आधीच प्यायलेले असते. काणी रोगासाठी (दाण्यांऐवजी काळी भुकटी होणारा बुरशीरोग) पेरणीआधी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम 300 मेश गंधक (बारीक भुकटी) चोळायला विसरू नका.

खताचेही तेच. मध्यम जमिनीला एकरी 35 किलो युरिया आणि 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे, भारी जमिनीला याच्या दीडपट. सगळे पेरणीबरोबर दोन चाड्यांच्या (एकात बी, एकात खत) पाभरीने ओलीत पेरा. पीक पिवळे दिसते म्हणून डिसेंबरात कोरड्या रानावर युरिया फोकला तर तो मुळांना मिळत नाही.

प्रश्न (ता. माण) : मुरमाड माळ आहे, माती वीतभर. यंदा शाळू करून बघू का?

उत्तर : नको. वीतभर मातीत शाळूला जानेवारीपर्यंत पुरेल एवढे पाणी मावतच नाही. वाफे कितीही पाडा, भांडेच लहान आहे. तिथे खरिपातली बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरीच्या आणि एक तुरीची, हेच बरे. बाजरी एकरी सव्वा ते दीड किलो, एक इंचापेक्षा खोल नाही. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून बी त्यात ओता, वर तरंगणारे फेकून द्या, खालचे दोनदा धुऊन सावलीत सुकवा. अरगटाची (कणसावरचा बुरशीरोग) लागण याने कमी होते. पाऊस जुलैअखेरपर्यंत लांबला तर बाजरी सोडून हुलगा किंवा मटकी टाका. माती फूटभराच्या पुढे असलेल्या तुकड्यात मात्र फुले अनुराधा करून बघायला हरकत नाही.

प्रश्न (ता. खटाव) : शेततळ्यात थोडे पाणी आहे. शाळूला एकच पाणी देता येईल. कधी द्यावे?

उत्तर : पेरणीपासून 35 ते 55 दिवसांच्या दरम्यान, म्हणजे ताटे जोमात वाढू लागल्यापासून पोटरीपर्यंत. मोठ्या भेगा पडायच्या आत द्या, नाही तर पाणी भेगेतून थेट खाली जाते आणि रान भिजायला दुप्पट लागते. दोन इंच पाण्याची पाळी म्हणजे एकराला दोन लाख लिटर. 30 बाय 30 बाय 3 मीटरचे तळे काठोकाठ भरले तर सुमारे 22 लाख लिटर धरते, पण अस्तर नसेल तर नोव्हेंबरपर्यंत त्यातले बरेच झिरपून आणि उडून गेलेले असते. आज उरलेले पाणी मोजा आणि तेवढ्याच एकरांना द्या. तुषार संच मिळाला तर पाटापेक्षा तो बरा.

प्रश्न (ता. जत) : पानांतून उडणारे पाणी कमी व्हावे म्हणून केओलिनची (पांढऱ्या मातीची भुकटी) फवारणी करावी का?

उत्तर : पाऊस दडी मारून बसला आणि दुसरे काहीच हाती नसेल तर 8 टक्के, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला सव्वा किलो. पावडर बादलीत कालवून फडक्यातून गाळून घ्या आणि पंप मधूनमधून हलवत राहा. ती तळाला बसते आणि नोझल तुंबतो.