लंडन-पॅरिसच्या पर्यटन पासवर ९०,००० रुपये खर्च करावेत का?

वाचकाचा प्रश्न : आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. मी सहकारी बँकेत नोकरीला असून पत्नी शिक्षिका आहे. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. मेच्या सुट्टीत लंडनला सहा दिवस आणि पॅरिसला तीन दिवस जाण्याचे ठरले आहे. विमान आणि हॉटेल आम्हीच पाहिले. व्हिसाचे अर्ज अजून व्हायचे आहेत. इथल्या एका टूर एजंटाचे म्हणणे असे, की दोन्ही शहरांचे पास आत्ताच घ्यावेत. लंडनचा तीन दिवसांचा पास मोठ्यांना १६,५०० व मुलांना १०,५०० रुपये आणि पॅरिसचा संग्रहालयांचा दोन दिवसांचा पास माणशी ९,००० रुपये, असे चौघांचे मिळून ९०,००० होतात. ‘रांगा टळतात आणि निम्मे पैसे वाचतात,’ असे तो सांगतो. पास घ्यावेत का? पैसे कमी पडल्यास मुलीच्या शिक्षणासाठी सुरू असलेली दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक) काही महिने थांबवावी का?

उत्तर : लंडनचा पास आपण घेऊ नये, आणि पॅरिसचा पास घ्यायचाच झाला तर फक्त आपण दोघांनी घ्यावा, मुलांसाठी मुळीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिसा हातात पडेपर्यंत मात्र यांपैकी कशासाठीही एक रुपया देऊ नये.

पास स्वस्त की महाग हे पासच्या किमतीवरून कळत नाही. पास नसता तर आपण तिकीट खिडकीवर स्वतःच्या खिशातून पैसे काढून कुठे कुठे गेला असता, याची यादी करावी आणि तेवढ्याच ठिकाणांच्या तिकिटांची बेरीज पासच्या किमतीसमोर मांडावी. एजंट जी बेरीज दाखवतो ती पासमध्ये समाविष्ट असलेल्या सगळ्या ठिकाणांची असते, आणि तीन दिवसांत तेवढी ठिकाणे कोणतेही कुटुंब पाहू शकत नाही. त्यामुळे त्याने सांगितलेली निम्म्या पैशांची बचत कागदावर खरी असली तरी ती आपल्या खिशात येणारी नाही.

आपण लंडनमधील ठिकाणांची जी यादी पाठवली आहे तिच्यात नऊ नावे आहेत : टॉवर ऑफ लंडन हा किल्ला, वेस्टमिन्स्टर ॲबी हे चर्च, लंडन आय हा महाकाय पाळणा, थेम्स नदीतील बोट, ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि बकिंगहॅम राजवाड्याबाहेरील पहारेबदल. यांतील शेवटच्या पाच गोष्टींना तिकीटच नाही. ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना डिसेंबर २००१ पासून सर्वांसाठी मोफत प्रवेश आहे. पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना. नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही संग्रहालये साउथ केन्सिंग्टन भागात एकमेकांना लागून आहेत, आणि ९ वर्षांचा मुलगा बरोबर असताना त्या एका भागातच दीड-दोन दिवस सहज जातील. म्हणजे सहा दिवसांतील मोठा भाग जिथे पासचा काही उपयोगच नाही अशा ठिकाणी जाणार आहे.

(व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखे पाहायची आहेत, असे आपण लिहिले आहे. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. त्या मुदतीत ती लंडनमध्ये दिसणार नाहीत, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवावे. त्याऐवजी प्रिमरोज हिल भागातील किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर यादीत घ्यावे असे सुचवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते आणि ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तेही एजंटाच्या पासमध्ये सापडणार नाही.)

राहिली तिकिटाची चार ठिकाणे. टॉवर ऑफ लंडन, ॲबी आणि लंडन आय यांचे मोठ्यांचे तिकीट प्रत्येकी ३० ते ३५ पाउंडांच्या आसपास पडते आणि बोटीचे त्याहून बरेच कमी. मुलांचे दर टॉवर आणि ॲबीला निम्म्याच्या जवळपास असतात, लंडन आयला थोडे जास्त. तारीख आणि वेळ यांनुसार दर हलतात, म्हणून मी सढळ हाताने धरतो : मोठ्यांचे माणशी ११७ पाउंड आणि मुलांचे माणशी ६७ पाउंड. चौघांचे ३६८ पाउंड झाले. पाउंड १२० रुपये धरला तर साधारण ४४,००० रुपये होतात. पासचे ५४,००० आहेत. म्हणजे यादीतील एकही ठिकाण न गाळता पासशिवाय १०,००० रुपये कमी लागतात, आणि ही चार ठिकाणे तीन दिवसांत कोंबण्याऐवजी सहा दिवसांत पसरता येतात.

मला त्या १०,००० रुपयांपेक्षाही हे पसरणे अधिक मोलाचे वाटते. लंडनमधील अशा पासचे दिवस सहसा तारखेने मोजले जातात, चोवीस तासांनी नव्हे. दुपारी तीन वाजता पहिल्यांदा पास वापरला तरी तो अख्खा एक दिवस खर्ची पडतो. शिवाय वेस्टमिन्स्टर ॲबी रविवारी पर्यटकांना बंद असते, त्या दिवशी तिथे फक्त प्रार्थना होतात. टॉवर ऑफ लंडनला किमान अर्धा दिवस हवा. कोहिनूर तिथेच, राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटात आहे, आणि त्या मुकुटांसमोरून पाहणाऱ्यांना एक सरकता पट्टा पुढे घेऊन जातो. मुलांना पुन्हा मागे जाऊन पाहावेसे वाटणार, आणि अशा वेळी ‘चला, अजून दोन ठिकाणे वसूल करायची आहेत’ असे म्हणण्याची पाळी पास घेतलेल्या पालकांवर येते. हुरडा पार्टीत ताटाचे पैसे आधी भरले की पोट भरल्यानंतरही माणूस आणखी एक कणीस मागून घेतो, तसे पासचे होते : भरलेले पैसे परत येत नाहीत, पण ते वसूल करण्याच्या नादात न ठरवलेली ठिकाणे पाहिली जातात आणि तिथल्या उपाहारगृहात व भेटवस्तूंच्या दुकानात नवे पैसे जातात. कौटुंबिक सहलींचे खर्च तपासताना हा दुसरा खर्च मला नेहमी दिसतो आणि पासच्या हिशेबात तो कोणीच धरत नाही.

पासबरोबर मिळणाऱ्या पर्यटक बसचे एजंटाने केलेले कौतुक मला पटले नाही. लंडनच्या साध्या लाल दुमजली बसचे भाडे दोन पाउंडांच्या आत आहे, आणि १५ क्रमांकाची बस ट्रॅफल्गार चौकाकडून सेंट पॉल कॅथेड्रलवरून टॉवरकडे जाते. तिथल्या बसमध्ये रोख रक्कम चालत नाही. कार्ड यंत्राला टेकवायचे असते, आणि दिवसभरात ठरावीक रकमेपर्यंत पोहोचल्यावर पुढील प्रवासाचे पैसे लागत नाहीत. ही सवलत प्रत्येक कार्डावर वेगळी मोजली जाते, म्हणून आपण आणि आपल्या पत्नीने दोन वेगळी कार्डे वापरावीत. ११ वर्षांखालील मुलांना भुयारी रेल्वेत मोठ्यांसोबत पैसे पडत नाहीत, त्यामुळे मुलाचा प्रश्न मिटला. मुलीसाठी ऑयस्टर कार्ड (लंडनमधील प्रवासाचे कार्ड) घ्यावे आणि स्थानकावरील कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्यावी. ११ ते १५ वयोगटाला ती १४ दिवसांपर्यंत निम्म्या भाड्याची मुभा देते. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

पॅरिसचा हिशेब वेगळा निघतो, आणि तिथे एजंटाच्या बाजूने थोडे बोलावे लागेल. आधी मात्र त्याच्या आकड्यातील उघड चूक. लूव्र आणि ओर्से ही संग्रहालये, व्हर्सायचा राजवाडा, सेंत शापेल हे चर्च या सर्व ठिकाणी १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवला की झाले. मुलांच्या दोन पासचे १८,००० रुपये हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे. एजंटाला हे ठाऊक नव्हते की त्याने सांगितले नाही, यात मी शिरत नाही; पण उरलेली कामे त्याच्याकडे सोपवण्यापूर्वी आपण त्याला हा प्रश्न अवश्य विचारावा.

आपल्या दोघांच्या बाबतीत पास उपयोगी पडू शकतो, याचे कारण अलीकडचे आहे. लूव्रने जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचे तिकीट २२ युरोंवरून ३२ युरो केले, म्हणजे एका माणसाचे एका संग्रहालयाचे ३,३०० रुपये झाले. लूव्र, व्हर्साय, सेंत शापेल आणि ओर्से या चारही ठिकाणी आपण खरोखर जाणार असाल तर सुट्या तिकिटांची बेरीज माणशी १०० युरोंच्या आसपास, म्हणजे १०,००० रुपयांच्या वर जाते. पास ९,००० चा आहे. फायदा आहे, पण तो इतका बारीक आहे की एक ठिकाण गळले तरी उलट्या बाजूला जातो. व्हर्सायला जाण्यायेण्यासह पूर्ण दिवस लागतो. सकाळी उठून मुलांनी ‘आज नको’ म्हटले तर पासचे गणित तिथेच संपते.

वेळापत्रक जमले तरच हा पास घ्यावा, असे मी म्हणतो ते वारांमुळे. ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद असतात, लूव्र मंगळवारी. आपण रविवारी संध्याकाळी पोहोचून बुधवारी रात्री निघणार आहात. पॅरिसचा पास लंडनप्रमाणे तारखेने नव्हे, तर पहिल्या प्रवेशापासून ४८ तास चालतो. सोमवारी सकाळी ११ वाजताची लूव्रची वेळ घेतली, दुपारनंतर सेंत शापेल, मंगळवारी व्हर्साय, तर बुधवारी सकाळी ११ पर्यंत पास जिवंत राहतो. ओर्से साडेनऊला उघडते आणि आत गेल्यावर कितीही वेळ थांबता येते. पण सोमवारी लूव्रला ९ वाजता गेलात तर बुधवारी ओर्से उघडण्यापूर्वीच पास मेलेला असेल. म्हणजे दोन तास उशिरा सुरुवात केल्यानेच चौथे ठिकाण पासमध्ये बसते.

रांगा टळतात हे एजंटाचे वाक्य अर्धेच खरे आहे. सुरक्षा तपासणी सर्वांनाच असते आणि लूव्र, व्हर्साय व सेंत शापेल येथे पास असला तरी वेळ स्वतंत्रपणे आरक्षित करावी लागते. लूव्रसाठी मुलांची मोफत वेळही त्याचबरोबर घ्यावी. हवी ती वेळ भरून गेली असेल तर हातातला पास काही कामाचा नाही, म्हणून आधी वेळा मिळतात का ते पाहावे आणि मगच पास विकत घ्यावा. आयफेल टॉवर, सीन नदीतील बोट आणि मेट्रो यांतले काहीही या पासमध्ये नाही. व्हर्सायच्या बागेत कारंजी किंवा संगीत असते त्या दिवशी बागेचे तिकीटही वेगळे पडते.

आता पैसे कसे द्यावेत ते सांगतो. परदेशी चलनातील खरेदीवर बहुतेक क्रेडिट कार्डे २ ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी असतो. साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर लंडनच्या ४४,००० रुपयांच्या तिकिटांना सुमारे १,८०० रुपये जास्त पडतील. ते वाचवण्यासाठी कमी मार्कअपचे कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचे कार्ड) पाहावे, परंतु एवढ्यासाठी नवे क्रेडिट कार्ड काढू नये. तिथल्या यंत्रावर ‘रुपयांत की पाउंडांत’ असे विचारले जाईल तेव्हा पाउंडच निवडावेत. रुपये निवडले की विनिमय दर समोरचा ठरवतो आणि तो क्वचितच आपल्या हिताचा असतो.

व्हिसापूर्वी पैसे देऊ नयेत, यावर माझा भर का आहे तेही लिहितो. ब्रिटनचा आणि शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा) व्हिसा हे दोन स्वतंत्र अर्ज आहेत. एक मिळून दुसरा लांबला तर सहलीच्या तारखा बदलतात, आणि एजंटाने आपल्याला पाठवलेल्या पत्रकात ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे शेवटच्या ओळीत छापलेले आहे. संग्रहालयांचे पास संपत नाहीत, संपतात त्या वेळा. त्यामुळे आत्ता घाई करण्यासारखे काही नाही, आणि व्हिसा आल्याच्या दिवशी संध्याकाळी बसून लूव्र, व्हर्साय व लंडन आय यांच्या वेळा मात्र घेऊन टाकाव्यात.

एसआयपीबद्दल. ९०,००० च्या जागी लंडनची तिकिटे ४४,००० आणि पॅरिसचे दोन पास १८,००० असे ६२,००० लागतील, म्हणजे २८,००० रुपये मोकळे होतात. ही रक्कम पाच महिन्यांच्या हप्त्यांहून अधिक आहे, तेव्हा हप्ता थांबवण्याचे कारणच उरत नाही. मुलगी १४ वर्षांची आहे. तिच्या महाविद्यालयाची फी भरायला चार वर्षेच राहिली आहेत. तरीही सहलीच्या एकूण अंदाजात तूट दिसत असेल तर ती पॅरिसमधील हॉटेलच्या दरात शोधावी. आपण पाठवलेल्या खर्चाच्या तक्त्यात सर्वांत फुगलेला आकडा तोच आहे.