स्पॅनिश सरंजामी शब्द इंग्रजीत नेताना

तुम्ही विचारलंय की, सोळाव्या शतकातल्या एका कास्तिलियन (स्पेनमधल्या कास्तील राज्यातल्या) गावाच्या कागदपत्रांचं इंग्रजी करताना 'सेन्योरीओ'ला 'मॅनर', 'वासायो'ला 'व्हॅसल' आणि 'इदाल्गो'ला 'नाइट' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते 'मॅनर' आणि 'नाइट' काढावेच लागतील, आणि 'व्हॅसल' ठेवायचाच असेल तर टीप देऊनच.

शब्द दिसला की शब्दकोश उघडण्याआधी बघायचं, इथे हक्क नेमका कसला आहे? न्यायनिवाड्याचा, वसुलीचा की जमिनीच्या मालकीचा? आणि तो कुठल्या काळातला, कुठल्या राज्यातला? इंग्रजीतले सरंजामी शब्द इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सच्या व्यवस्थेत घडलेले आहेत. ते जसेच्या तसे कास्तीलला लावले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधलं खेडं उभं राहतं.

'सेन्योरीओ'चंच बघा. 'मॅनर' म्हटलं की धन्याची घरची शेती, ती कसणारी कुळं आणि मधोमध वाडा असं चित्र मनात येतं. कास्तीलमध्ये मात्र सेन्योर एखाद्या गावाचा धनी असूनही तिथली शेतं त्याच्या मालकीची नाहीत, असं सर्रास आढळतं. त्याच्याकडे असतो तो अधिकार: गावचे आल्काल्दे (न्याय आणि कारभार पाहणारे अधिकारी) नेमण्याचा किंवा त्यांच्या नेमणुकीला मंजुरी देण्याचा, न्याय देण्याचा, काही ठरावीक देणी घेण्याचा. स्पॅनिश कायदा म्हणूनच न्यायाधिकाराचं सेन्योरीओ आणि जमिनीचं सेन्योरीओ वेगळं धरत असे. हा फरक किती खोल होता ते ६ ऑगस्ट १८११ च्या, कादिस शहरात भरलेल्या कोर्तेसच्या (प्रतिनिधीसभेच्या) हुकमात दिसतं. त्या हुकमाने न्यायाधिकाराची सेन्योरीओ राष्ट्राकडे घेतली आणि जमिनीची बहुतांशी खासगी मालमत्ता म्हणून राहू दिली. मग आपलं सेन्योरीओ कोणत्या प्रकारचं, यावर पुढे कित्येक वर्षं खटले चालले. तुमच्या भाषांतरात दोन्हींना 'मॅनर' असेल, तर वाचकाला हे भांडण कळणारच नाही. 'लॉर्डशिप' लिहा आणि गरज पडेल तिथे 'ज्युरिस्डिक्शनल' हे विशेषण जोडा. शिवाय स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचा बिस्काय हा अख्खा प्रदेशही सेन्योरीओच होता, त्याला काही 'मॅनर ऑफ बिस्काय' म्हणता येणार नाही.

आता 'वासायो'. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो, कारण शब्द ओळखीचा वाटतो. इंग्रजी वाचकाचा 'व्हॅसल' म्हणजे गुडघे टेकून धन्याच्या हातात हात देणारा, जहागीर घेऊन लढाईला जाणारा सरदार. तेराव्या शतकातल्या कास्तिलियन कागदात असा वासायो भेटतो. तुमच्या सोळाव्या शतकातला वासायो मात्र बहुधा साधा शेतकरी किंवा विणकर आहे. तो ज्याच्या न्यायाधिकाराखाली राहतो, त्याचा वासायो. स्पेनचा राजा दुसरा फिलिप पैशांसाठी गावांचा न्यायाधिकार विकत असे, तेव्हा किंमत गावात वासायो किती यावर किंवा गावाच्या क्षेत्रफळावर ठरे. तिथे मोजलेली डोकी सरदारांची नव्हती, गावकऱ्यांची होती. म्हणून 'सब्जेक्ट्स ऑफ द लॉर्ड' हे बरं.

आणि हे वासायो 'वेसिनो' म्हणून मोजलेले असतील तर आणखी जपा. आजच्या स्पॅनिशमध्ये वेसिनो म्हणजे शेजारी. या कागदांत तो गावात नोंद असलेला कुटुंबप्रमुख आहे. ऐंशी वेसिनोंचं गाव म्हणजे ऐंशी माणसांचं गाव नाही. एकूण वस्तीचा अंदाज बांधताना इतिहासकार या आकड्याला साधारण चार ते साडेचारने गुणतात. 'हाउसहोल्डर' लिहा. 'इनहॅबिटंट' लिहिलंत तर गावाची लोकसंख्या एका फटक्यात पाव होते.

माझ्या सर्वांत आवडीचं उदाहरण 'तिएर्रा'चं. शब्दाचा रोजचा अर्थ जमीन, त्यामुळे कुणालाही शंका येत नाही. पण कास्तीलचा राजा दहाव्या आल्फोन्सोच्या 'सिएते पार्तीदास' या कायदेसंग्रहाच्या चौथ्या भागात स्पष्ट म्हटलंय की, राजा आपल्या बड्या सरदारांना आणि काबायेरोंना (घोडेस्वार योद्ध्यांना) ठरावीक ठिकाणच्या उत्पन्नातून जे मारावेदी (त्या काळचं नाणं) लावून देतो, त्याला स्पेनमध्ये 'तिएर्रा' म्हणतात. म्हणजे ही नेमून दिलेली रोख रक्कम आहे, वावर नव्हे! ज्यांनी पेशवाईतले सरंजामाचे कागद वाचलेत त्यांना हे चटकन कळेल, तिथेही सरदाराच्या हाती येई ते फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेलं उत्पन्न. त्याच जागी 'फेउदो'ची, म्हणजे इंग्रजीतल्या 'फीफ'ची, जहागिरीची, व्याख्या वेगळी दिली आहे. 'तिएर्रा'ला 'लँड' किंवा 'फीफ' लिहिणं म्हणजे खुद्द कायद्याने केलेला भेद पुसणं. असा संदर्भ असेल तिथे 'रेव्हेन्यू असाइनमेंट' म्हणावं.

'इदाल्गो' (खालच्या पायरीचा उमराव) मात्र तसाच ठेवा, इंग्रजीने तो कधीच आपला केलाय. इदाल्गोची खरी ओळख घोडा-तलवारीपेक्षा करमाफीत होती. 'पेचो' हा कर भरणारा तो पेचेरो, न भरणारा इदाल्गो. त्यामुळे वायादोलिद आणि ग्रानादाच्या उच्च न्यायालयांत इदाल्गोपण सिद्ध करण्याचे दावेच्या दावे पडून असत. बिस्कायमध्ये तर मूळ रहिवासी सगळेच इदाल्गो मानले जात. मग तिथल्या लोहाराला 'नाइट' म्हणणार का? पेचेरोला 'कॉमनर' न म्हणता 'टॅक्सपेइंग कॉमनर' म्हणा, दोघांमधला खरा फरक तेवढ्याने उघड होतो.

काही शब्दांना इंग्रजीत जोडच नाही. 'बेएत्रीया' म्हणजे आपला सेन्योर निवडण्याचा हक्क असलेलं गाव. काहींना एका ठरावीक घराण्यातूनच निवडावा लागे, काहींना कुणालाही निवडता येई, त्यांना 'समुद्रापासून समुद्रापर्यंतची' बेएत्रीया म्हणत. १३५१ च्या वायादोलिदच्या कोर्तेसनंतर पेद्रो राजाच्या काळात त्यांची मोठी नोंदवही तयार झाली. तिच्यात गावागणिक राजाला काय द्यायचं आणि सेन्योरला काय द्यायचं, हे वेगवेगळं लिहिलंय. 'फ्री टाऊन' म्हटलं तर ही देणी कुठे बसवणार? मूळ शब्द तिरप्या अक्षरांत ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात अर्थ द्या.

याउलट स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालोनियातल्या 'रेमेन्सा' शेतकऱ्यांना 'सर्फ' (जमिनीला बांधलेलं कूळ) म्हटलेलं मला चालतं. जमीन सोडून जायचं तर त्यांना धन्याला पैसे मोजून सुटका घ्यावी लागे, नावच त्यावरून पडलंय. १४८६ च्या ग्वादालूपेच्या निवाड्याने फर्नांदो राजाने ती सक्ती आणि इतर जाचक प्रथा मोबदला ठरवून मोडल्या. पण हाच 'सर्फ' त्या काळच्या कास्तीलच्या शेतकऱ्याला लावू नका.

'एन्कोमिएंदा'चं एकाच पुस्तकात दोन प्रकारे भाषांतर करावं लागलं तरी बिचकू नका. कालात्रावासारख्या लष्करी धर्मसंघाची असेल, म्हणजे संघातल्या एखाद्याकडे सोपवलेली मालमत्ता आणि उत्पन्न असेल, तर 'कमांडरी'. अमेरिकेतली असेल तर मूळ शब्दच, कारण तिथे स्थानिक लोकांकडून खंडणी आणि श्रम घेण्याचा हक्क मिळे, जमिनीची मालकी नव्हे.

गोव्याचे पोर्तुगीज कागद हाताळणाऱ्यांनी 'फुएरो'कडेही (गावाला किंवा प्रदेशाला दिलेले हक्क आणि कायदे) लक्ष द्यावं, पोर्तुगीज 'फोराल' त्याचाच भाऊबंद. दोन्हींना सरसकट 'चार्टर' म्हणतात, पण १५२६ चा गोव्याचा फोराल मुख्यतः गावकऱ्यांच्या चालत आलेल्या रूढी नोंदवतो. तिथे 'चार्टर ऑफ कस्टम्स' जास्त नेमकं.

तुमच्या कागदात गाव राजाच्या थेट अंमलाखालचं, म्हणजे 'रेआलेंगो' आहे की कुणा सेन्योरचं, हे बहुधा पहिल्या दोन-चार ओळींतच असेल. त्या ओळी आणि तारीख इथे टाका, म्हणजे 'वासायो'चं तिथे काय करायचं ते नक्की करता येईल.