सोळा आण्यांपैकी पाय किती, कंबर किती?

प्रश्न : वय ४१, शिक्षिका आहे. पाच महिन्यांपासून कमरेतून डाव्या पोटरीत कळ जाते, रात्री कूस बदलली की पोटरी पेटते आणि पायाची करंगळी बधिर असते. एमआरआयमध्ये एल-५ आणि एस-१ या कमरेच्या तळाच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचं दिसतं. गोळ्या, व्यायाम, मणक्यातलं इंजेक्शन सगळं झालं. आता सर्जन ऑपरेशन सुचवतात. दुसरे डॉक्टर म्हणतात, वर्षभरात आपोआप बरं होतं. माझ्या मामांना मात्र ऑपरेशननंतर दोन वर्षांत तोच त्रास पुन्हा सुरू झाला. कोणाचं ऐकू?

उत्तर : माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एमआरआय बघण्याआधी विचारतो, दुखणं सोळा आणे धरलं तर पायाचे किती आणि कमरेचे किती? तुमच्या पत्रात कंबर एकदाच आली, बाकी सगळी पोटरी आणि करंगळी. हे ऑपरेशन दबलेल्या नसेसाठी, म्हणजे पायासाठी असतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एकाचं ऑपरेशन केलं, त्याचं बारा आणे दुखणं कमरेत होतं. पाय मोकळा झाला, पण तो दर भेटीत म्हणायचा, "कंबर तशीच आहे, डॉक्टर." चूक त्याची नव्हती, मी आधी विचारलंच नव्हतं.

‘आपोआप बरं होतं’ हे खोटं नाही. सरकलेला तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच जिरवून टाकतं. नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम कितीतरी आधी पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले जवळपास ९५ टक्के लोक बरे होते. थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी टेबलावर यावंच लागलं. पण हे रुग्ण दुखणं सुरू होऊन सहा ते बारा आठवडे झालेले. तुमचे पाच महिने गेलेत.

तुमच्याशी जास्त जुळतो तो कॅनडातला २०२० चा अभ्यास : चार ते बारा महिने पाय दुखणारे १२८ रुग्ण. सुरुवातीला दहापैकी आठाच्या आसपास असलेलं पायाचं दुखणं सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत २.८ वर आलं, इतरांत ५.२ वर. म्हणून माझा कल तुमच्या सर्जनकडे आहे.

ऑपरेशनमध्ये गादी बदलत नाहीत, पूर्ण काढतही नाहीत. नस हळूच बाजूला धरून तिच्याखालचा तुकडा चिमट्याने ओढून घेतात. भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखा दिसतो, बऱ्याचदा नखाएवढा. एवढ्याशा ऐवजाने माणूस महिनोन्‌महिने झोपत नाही! पोटरीतली कळ कित्येकांची शुद्धीवर येतानाच गेलेली असते. करंगळीचा बधिरपणा मात्र महिने घेतो, कधी थोडा कायमचाही राहतो. त्याची घाई करू नका.

मामांचं म्हणाल तर, उरलेली गादी तिथेच असते, ती पुन्हा सरकू शकते. साधारण शंभरात पाच ते पंधरा जणांचं असं होतं. सगळ्यांना पुन्हा ऑपरेशन लागतंच असं नाही.

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर मात्र तारीख ठरवत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि आज एक करून बघा. भिंतीला बोटं टेकवा, फक्त डाव्या पायावर उभ्या राहा आणि टाच दहा वेळा उचला. मग उजवी. डावी टाच तीन-चारदा उचलून बसत असेल, तर ताकद कमी होतेय. पत्रात तुम्ही फक्त कळ आणि बधिरपणा लिहिलाय, पण ताकद कमी होत असेल तर ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही. हे सर्जनना याच आठवड्यात सांगा.