इन्सुलिन, ‘इन्शुलिन’ आणि बेट

प्रश्न: करडईच्या दाण्यात इन्सुलिन तयार करतात म्हणे. मग दादरच्या रोपवाल्यांकडे मिळतं ते ‘इन्शुलिनचं झाड’ तेच का? आणि उच्चार स की श?

स. इंग्रजीतला ‘स्यु’ घाईत ‘शु’ झाला आणि इन्शुरन्सच्या संगतीनं पक्का बसला, एवढीच त्या ‘श’ची पुण्याई. मूळ शब्द लॅटिन ‘इन्सुला’, म्हणजे बेट. लँगरहान्स या जर्मन संशोधकानं 1869 मध्ये स्वादुपिंडात पेशींचे पुंजके पाहिले, 1893 मध्ये लागेसनं त्यांना ‘लँगरहान्सची बेटं’ हे नाव दिलं आणि 1909 मध्ये द मेयरनं त्यांच्या स्रावाला ‘इन्सुलीन’ म्हटलं. स्राव हाती लागायला 1921 उजाडलं. बारसं आधीच उरकलं होतं! वायरमनची इन्सुलेशन टेपही याच घरची.

आता पाठ्यपुस्तकांतली ‘लँगरहान्सची द्वीपके’ बघा. द्वीप म्हणजे द्वि + अप्, दोन्हीकडे पाणी. स्वादुपिंडात कुठलं आलंय पाणी? मराठीत बांबूचंही ‘बेट’ असतं: एका बुंध्याशी दाटलेला पुंजका, भोवती वेगळीच झाडी. सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं तेच दिसतं. ‘बेट’ला लॅटिनपेक्षा जास्त कळलंय. पण परिभाषाकारांना तो शब्द गावठी वाटला असणार, दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

हां, करडई. रोपवाल्याचं झाड आपल्या पेव्याचं भाऊबंद. त्यात इन्सुलिन औषधालाही नाही. करडईवरचं काम कॅनडात कॅलगरीच्या सेमबायोसिस कंपनीनं केलं. माल बाजारात आलाच नाही. त्या करडईला ‘संकरित’ म्हणू नका. संकर दोन झाडांचा होतो. इथे माणसाचं जनुक घातलंय, म्हणून ‘जनुकांतरित’. इन्सुलिन ओलिओसिन या प्रथिनाला जोडतात. ओलिओसिन दाण्यातल्या तेलाच्या थेंबांवर बसतं. दाणे पाण्यात वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की थेंब सायीसारखे वर येतात. ही साय पुन्हा पुन्हा धुवायची, नाहीतर दाण्याची इतर प्रथिनं चिकटून राहतात. मग ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकरानं जोड कापायचा. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर खुद्द इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी ब साखळीवर 22व्या जागी कात्री चालते.

आणि असल्या करडईच्या तेलाची फोडणी देऊन साखर उतरणार नाही. गाळलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ नसतंच. दाणे चावून खाल्ले तरी जठरातलं पेप्सिन त्याचे तुकडे पाडतं.