मॅडम, पोरीला इंग्रजीच येत नाही, तिथं जाऊन ती बोलणार काय?

मी समुपदेशक आहे. जानेवारीत दिल्लीचा प्रजासत्ताक दिनाचा एनसीसी (राष्ट्रीय छात्रसेना) कॅम्प आटोपला की माझ्याकडं फोन सुरू होतात. खडकवासल्याच्या एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, नवा कोर्स सुरू झाला की पुन्हा. फोन करणारे बहुतेक आईवडील असतात, आणि काळजी एकच. मुलगा खडकवासल्याला गेला, तिथं अभ्यासात परकीय भाषा आहे, आमचा मुलगा मराठी शाळेत शिकलेला. किंवा मुलीची एनसीसीच्या युवा विनिमय कार्यक्रमासाठी निवड झाली, परदेशात जायचंय, आणि तिचं इंग्रजीच कच्चं. फोनवर मी सगळ्यांना एवढंच सांगते की घेऊन या, बोलू. पण हे बोलणं इतक्या वेळा झालंय की आता एकदा नीट लिहूनच काढावं असं वाटलं. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला आपण नुसतं कॅडेट म्हणू.

वडील निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्रीतले. गाव कागल तालुक्यातलं. मुलगी कोल्हापुरात कॉलेजला, शेवटच्या वर्षाला. ड्रिल उत्तम, नेमबाजी उत्तम, लेझीम बघत राहावी अशी. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियनच्या वर्गालाही जायची. तिची निवड कझाकस्तानला जाणाऱ्या तुकडीत झाली होती. तिथं कझाकबरोबर रशियनही सर्रास चालते, म्हणजे खरं तर दुधात साखर. पण निवड झाल्यापासून पोरगी जेवेना, आणि रशियनच्या वर्गालाही जाईना.

पहिल्या भेटीत सगळं बोलणं सुभेदारांनीच केलं. "मॅडम, हिला इंग्रजीच धड येत नाही. तिथं जाऊन देशाची मान खाली घालायची का? त्यापेक्षा नाव मागं घेतलेलं बरं."

मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. मग तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मी गप्प बसतो मॅडम. सगळीकडंच."

(कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडच्या पोरी "मी जातो, मी बसतो" असंच बोलतात. मीही घरी असंच बोलते.)

"सगळीकडं म्हणजे? दिल्लीला मुलाखतीत बोललीसच की."

"ते पाठ केलेलं होतं. पाठ केलेलं येतंय मला. कुणी मधेच दुसरं काही विचारलं की घसा बंद होतोय."

इंग्रजीच्या भीतीची इतकी मुलं बघितल्यावर मला एक सवय लागली आहे. मी इंग्रजीबद्दल विचारतच नाही. ही भीती कधीपासून आहे, ते विचारते. त्या दिवशी तिनं उत्तर दिलं नाही. पुढच्या भेटीत दिलं, तेही खिडकीबाहेर बघत.

दिल्लीच्या आधी निवडीचे जे कॅम्प होतात, त्यातल्या एका कॅम्पात पहिल्याच रात्री तंबूत ती म्हणाली होती, "मी पाणी आणायला जातो." राज्यभरातून आलेल्या मुली. दोघीतिघी हसल्या. मग कॅम्पभर तिच्या मागून "मी जातो, मी येतो" सुरू झालं. तिनं बोलणं कमी केलं, नंतर बंदच केलं, आणि सगळी ताकद ड्रिलमध्ये घातली. ड्रिलमध्ये तिला कोणी हसू शकत नव्हतं.

मला तिथंच धागा सापडला. या मुलीची भीती इंग्रजीची नव्हती आणि रशियनचीही नव्हती. तिचा घसा पहिल्यांदा बंद झाला तो मराठीत, मराठी मुलींसमोर. इंग्रजीचे कितीही क्लास लावले असते तरी हा घसा मोकळा झाला नसता. माझ्याकडं येणाऱ्या दहा मुलांतल्या बहुतेकांची गोष्ट अशीच असते. वरचा थर इंग्रजीचा, खाली कुणाचं तरी हसणं.

कॅडेटच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. परेडवर पाय चुकला तर सगळ्या पथकासमोर नाव पुकारलं जातं. तिथं ते बरोबरच आहे, कारण एकाच्या चुकीनं सगळी रांग मोडते. पण वर्षानुवर्षं अंगात भिनलेली ही शिस्त मूल भाषेच्या वर्गात घेऊन जातं, आणि तिथं ती नेमकी आडवी येते. चुकीचं वाक्य बोलल्याशिवाय बरोबर वाक्य तोंडात बसत नाही. जो चुकायचंच नाही असं ठरवून बसतो, तो बोलतच नाही, आणि शेवटी सगळ्यांत मागं राहतो. मी तिला म्हटलं, "मैदानावर चूक म्हणजे दोष. वर्गात चूक म्हणजे सराव. बूट घालताना कुठं चाललीस ते आधी ठरव." ती पहिल्यांदा थोडी हसली.

ज्यांच्या विचारावर माझं काम उभं आहे त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची गोष्टही मी तिला सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना ते मुलींशी बोलायला प्रचंड लाजायचे. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचंच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. महिनाभरात शंभर जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. गोष्ट तिला आवडली. पटली मात्र नाही. "ते शहाणे होते मॅडम," म्हणाली.

मग मी विचारलं, "तुमच्या घरात दुसऱ्या मुलखातून आलेलं कोण आहे?"

ती गोंधळली. "तसं कोण नाही. आज्जी आहे, पण ती लग्न होऊन आलेली."

"कुठून?"

"चिकोडीकडनं. तिचं माहेर कानडी."

"पुढच्या वेळी आजीला घेऊन ये."

सुभेदारांना हे विचित्र वाटलं असावं, पण आजी आल्या. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, खुर्चीवर मांडी घालूनच बसल्या. मी म्हटलं, "आजी, तुम्ही पहिल्यांदा सासरी आला तेव्हा मराठी यायची का?"

"कुठलं वो! एक अक्षर येत नव्हतं. सासू म्हणायची एक, मी आणून ठेवायची दुसरंच. समदी हसायची."

"मग?"

"मग मी बी हसायची. रडून काय करतासा? भाकरी तर थापायलाच पायजे." आजी थोडं थांबल्या. "धाकटी नणंद होती, आठ वर्सांची. तिला धरली. पाण्याला जाताना वाटंत दिसंल त्याला बोट दावायची आन् इचारायची. मोठ्या मानसास्नी इचारलं की ती दुरुस्त करत्यात. पोर सांगतंय."

"किती दिवसांनी मराठी नीट यायला लागली?"

"नीट? अजून चुकतोय की मी!" आणि आजी खळखळून हसल्या.

नात त्यांच्याकडं बघत राहिली. मी तिला अगदी हळू विचारलं, "आजी अजून चुकतात म्हणे. घरात त्यांना कोण कमी समजतं?"

ती लगेच म्हणाली, "आज्जीपुढं घरात कुणाचं चालत नाही. पप्पांचंपण नाही."

आणि बोलता बोलता थांबली. माझ्या कामातले हे क्षण मला नेमके ओळखता येतात. समोरचं माणूस स्वतःच्याच तोंडून निघालेलं वाक्य ऐकतं. मी काही बोलले नाही, पाणीसुद्धा पुढं केलं नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "म्हणजे चुकलं तरी माणूस लहान होत नाही." हे वाक्य मी तिला आधी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेलं होतं. पण माझ्या शहाणपणानं जे झालं नाही ते आजीच्या हसण्यानं झालं. हा पुरावा तिच्या घरात तिच्या जन्माच्या आधीपासून होता. समुपदेशकानं नवा विचार आणून द्यायचा नसतो, माणसाच्या घरात पडून असलेला पुरावा त्याच्यासमोर आणायचा असतो, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

त्यानंतरचं काम सोपं होतं. रोज रशियनमध्ये तीन चुका मुद्दाम करायच्या आणि वहीत लिहायच्या. आजीकडून कानडी वाक्यं शिकून लक्ष्मीपुरीच्या मंडईत कानडी बोलणाऱ्या भाजीवाल्या मावशींशी बोलायचं, चुकलं तर तिथंच विचारायचं. पहिल्या दिवशी मावशी हसल्या, आणि कोथिंबीर वर घालून दिली. दूर देशात जाऊन परक्या भाषेत उभं राहण्याची तालीम आमच्या सीमाभागात मंडईतच होते, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

रशियनबद्दल मराठी मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. रशियनमध्ये तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत, भूतकाळातलं क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणं बदलतं. इंग्रजीवर वाढलेल्या मुलाला हे सगळं नव्यानं शिकावं लागतं. मराठी शाळेतल्या मुलानं विभक्तीचे तक्ते पाठ केलेले असतात. कच्चं इंग्रजी हा इथं अडथळा नाही. एनडीएत फ्रेंच, रशियन, अरबी, चिनी यांतली भाषा वाट्याला आली म्हणून घाबरलेल्या मुलांनाही मी हेच सांगते. तिथं सगळ्यांची सुरुवात मुळाक्षरांपासूनच असते.

सुभेदारांशी मात्र वेगळं बोलावं लागलं. त्यांचा प्रश्न फौजी होता. "मॅडम, लष्करात शिस्त कामाला येते. ही भाषा, रीतीभाती शिकून काय होणार?"

मी त्यांना आपल्याच माणसाची आठवण दिली. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या वडगावचे. 1953 साली कोरियात युद्धकैद्यांचा ताबा असलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणात ओढून नेलं, तेव्हा थोरात मोजकी माणसं घेऊन त्या खवळलेल्या गर्दीत गेले. बोलणं दुभाष्यामार्फत. त्यांनी दरडावलं नाही. चिनी लोक पाहुणचाराला पक्के असं ऐकलं होतं, पण मला इथं अजून कोणी काही विचारलं नाही, अशा अर्थाचं ते बोलले. गर्दीचा ताण उतरला, आणि मेजर सुखरूप बाहेर आले. पुढं थोरातांना अशोकचक्र, दुसरा वर्ग, मिळालं.

"समोरच्याच्या घरची रीत माहीत होती, म्हणून हे सुचलं," मी म्हटलं. "त्या दिवशी गोळी चालली असती तर?" सुभेदार ताठ बसले. लष्कर यासाठी उगीच खर्च करत नाही. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषांची शाळा 1948 पासून आहे. पचमढीला आर्मी एज्युकेशन कोअरच्या केंद्रात अधिकारी परकीय भाषा शिकतात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगो, लेबनॉन, दक्षिण सुदान इथं आपले जवान रोज परक्या माणसांशी बोलूनच गाव शांत ठेवतात.

जायच्या आधी मी तिच्याशी तिथल्या रीतींबद्दल बोलले. कझाक घरात चहा दुधाचा असतो आणि पेला अर्धाच भरतात. अर्धा यासाठी की पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा, यजमानाला पुन्हा पुन्हा वाढता यावा. पेला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, आता निघायला हरकत नाही. सुभेदार म्हणाले, "अर्धा कप? आमच्यात असा चहा दिला तर पाहुणा पुन्हा दारात यायचा नाही." मी म्हटलं, "म्हणूनच आधी सांगते आहे. मान कुठला आणि अपमान कुठला, हे दर मुलखात वेगळं असतं." घोड्याचं मांस किंवा घोडीच्या दुधाचं कुमीस पुढं आलं आणि नको असेल, तर छातीवर हात ठेवून, आभार मानून नाही म्हणायचं. तोंड वाकडं करायचं नाही. मटण मात्र तिथं भरपूर, त्या बाबतीत कोल्हापूरची पोर उपाशी राहायची नाही.

ती जाऊन आली. परत आल्यावर भेटायला आली तेव्हा बोलणं थांबेना. पहिल्या जेवणाच्या वेळी तिनं शेजारच्या कझाक कॅडेटला रशियनमध्ये काहीतरी विचारलं, ते चुकलं, ती मुलगी हसली. "मीपण हसलो मॅडम. मग तिला म्हटलं, तू सांग. तिनं सांगितलं. मग ती माझ्याकडनं नमस्कार शिकली, चुकली, मग मी हसलो." निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडच्या मुलींनी मिळून लेझीम केली, आणि लेझीमचे हात तिनं रशियनमध्ये शिकवले. व्याकरण किती बरोबर होतं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

काही पालकांचा मुलगा लांबच्या प्रशिक्षणाला जातो, काही महिन्यांसाठी. त्यांना एक गोष्ट आधीच माहीत हवी. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1960 साली परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाच्या मनाचे टप्पे मांडले. आधी नवलाई, मग चिडचिड, मग हळूहळू जम बसतो. नवलाईत मुलगा रोज फोटो पाठवतो. चिडचिडीच्या काळात म्हणतो, इथलं जेवण वाईट, माणसं कोरडी, मला परत यायचंय. नेमकं तेव्हा आई घाबरते आणि रोज रात्री व्हिडिओ कॉल सुरू होतात. तसं करू नका. ठरलेल्या दिवशी फोन करा, आणि "जेवलास का" याच्या आधी "आज कुणाशी बोललास" हे विचारा. झोप उडाली, खाणं तुटलं, नको ते विचार बोलून दाखवू लागला, तर मात्र वाट बघू नका. वरिष्ठांना आणि डॉक्टरांना लगेच कळवा.

आता उरला तो प्रश्न, जो सुभेदारांनी शेवटच्या भेटीत विचारला आणि बाकीचेही विचारतात. मग इंग्रजी सोडूनच द्यायचं का? अजिबात नाही. सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढं, म्हणजे एसएसबीत, गटचर्चा असते, मुलाखत असते, पुढं सगळं प्रशिक्षण इंग्रजीत. इंग्रजी शिकायलाच हवं. पण ही पोरगी रशियन शिकली तसंच ते शिकायचं, रोज बोलून, रोज चुकून. या मुलीनं लष्करात अधिकारी होण्यासाठी एनसीसीच्या विशेष प्रवेशाचा अर्ज भरलाय. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर एका मैत्रिणीबरोबर ती इंग्रजीतच बोलत फिरते, आणि मधेच अडली की "थांब, परत म्हणतो" असं म्हणून तेच वाक्य पुन्हा बोलते.